पिपरडोह तलावाची साक्ष

"माझ्या पाण्यात जाळी पडू नयेत," तलाव म्हणाला. "माणसं जिथे येत नाहीत, तिथे माझी तब्येत उत्तम आहे. सौर पट्ट्यांची सावली मला सोसेल. मासेमारी सोसणार नाही."

आवाज बाईचा होता. शांत, शुद्ध, जरासा दमलेला. राजधानीतल्या कुठल्याशा स्टुडिओत तो मुद्दाम तसा घडवला होता, कारण दमलेल्या बाईच्या आवाजावर लोक ओरडत नाहीत, असं म्हणे कुणीतरी अभ्यास करून शोधून काढलं होतं. समाजमंदिरात सतरंजीवर बसलेले ढिवर मच्छीमार एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. बापजाद्यांपासून ज्या पाण्यावर त्यांच्या चुली पेटल्या, ते पाणी आज पहिल्यांदा बोललं होतं. आणि बोललं होतं ते हे.

व्यासपीठावर करिश्मा वलथरे मान खाली घालून बसली होती. ती सरकारची संवाद अधिकारी, आणि पिपरडोह हे तिचं गाव. समोर पहिल्या रांगेत तिचा सख्खा मोठा भाऊ, मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष हिवराज, पाय मुडपून बसला होता आणि तिच्याकडे अशा नजरेनं पाहत होता की तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलवेना.

तिच्या शेजारी संवाद आयुक्त निनाद करंबेळकर होते. त्यांनीच तिची नेमणूक इथे केली होती. "आपलं माणूस समोर असलं की लोक ऐकून घेतात," असं तेव्हा म्हणाले होते. तेव्हा तिला तो आपला गौरव वाटला होता. माणूस इतका भाबडा असतो कधीकधी.

हा सगळा प्रकार समजायचा तर आधी कायदा समजायला हवा. धरणं, खाणी, कारखाने, जिकडे पाहावं तिकडे लोक आणि प्रकल्प समोरासमोर उभे. मोर्चे, लाठ्या, कोर्टाच्या स्थगित्या, पुन्हा मोर्चे. वर्षानुवर्षं घोंगडी भिजत पडलेली. शेवटी सरकारनं कायदा आणला की यापुढे कुठलाही पर्यावरणाचा तंटा संवादाशिवाय सुटणार नाही. टेबलाला तीन खुर्च्या: एक लोकांची, एक प्रकल्पवाल्यांची आणि तिसरी खुद्द निसर्गाची. नदी, डोंगर, तलाव, ज्याच्यावरून भांडण त्यालाही मत. सारा देश टाळ्या वाजवत होता. करिश्मानं तर नोकरीच त्यासाठी धरली. ती लहान असताना तलावाच्या ठेक्यावरून झालेल्या आंदोलनात तिच्या बापाचा हात पोलिसांनी मोडला होता. तो हात पुढे कधी जाळं फेकण्याइतका वर गेला नाही. लाठीऐवजी टेबल येणार असेल तर त्या टेबलाशी आपण बसायचं, असं तिनं ठरवलं होतं, आणि ते मनापासून ठरवलं होतं.

आता तलाव बोलतो कसा? त्यात जादू काही नाही. पाण्यात एक पिवळं तरंगतं यंत्र सोडतात. सरकारी कागदावर त्याचं नाव 'जलदूत', पण आकार हंड्याएवढा, म्हणून गावात सगळे त्याला सरकारी हंडा म्हणत. तो पाण्यातला प्राणवायू मोजतो, गरमी मोजतो, गढूळपणा मोजतो. पण खरी करामत पुढेच आहे. प्रत्येक मासा, बेडूक, शिंपला पाण्यात आपलं काहीतरी सांडत असतो. खवले, बुळबुळ, विष्ठा. त्या सांडलेल्या कणांत त्या त्या जिवाचा जनुकीय अंश असतो. हंडा थोडं थोडं पाणी गाळतो, ते अंश वाचतो आणि सांगतो की इथे मरळ आहे, झिंगे आहेत, अमुक मासा संपत आलाय. एकही मासा न पकडता.

ही माहिती राजधानीतल्या संगणकात जाते. तिथे त्या तलावाची हुबेहूब प्रतिकृती तयार होते, आकड्यांची. तिला विचारायचं, उद्या तुझ्यावर सौर पट्टे तरंगत ठेवले तर? मासेमारी बंद केली तर? ती पुढची कित्येक वर्षं क्षणात जगून येते आणि उत्तर देते. त्या उत्तराला शब्द आणि आवाज चढवला की झाला तलावाचा प्रतिनिधी.

फक्त एक गोष्ट. प्रतिकृती तेवढंच पाणी ओळखते जेवढं हंड्यानं गाळलेलं असतं. निविदेत एका तलावाला एकच हंडा मंजूर होता. बाकीचं पाणी ती उपग्रहाच्या चित्रांवरून, अंदाजानं भरून काढते.

सभा उठली. अंतिम बैठक पंधरवड्यानं ठेवली. तलावावर विजेसाठी सौर पट्टे तरंगत ठेवायला आलेल्या कंपनीचा माणूस हसतमुखानं करंबेळकरांशी हात मिळवून गेला. सौर पट्टे, तलावाची संमती, सगळं त्याच्या पदरात पडलं होतं. करिश्मा भावाच्या घराकडे निघाली तेव्हा गल्लीतल्या बायांनी दारं लावली नाहीत, पण तिच्याकडे पाहिलंही नाही.

हिवराज ओसरीवर जाळं दुरुस्त करत होता. त्यानं मान वर केली नाही.

"सरकारी मानसाले आमचा चहा चालते का?"

"भाऊ, असं बोलू नको."

"मंग कसं बोलू? तुया तलावावानी बोलू? शुद्ध?" त्यानं सुई जोरात ओढली. "काहून खोटं बोलून रायला तो? दर उन्हाळ्यात बेशरमीचं जंगल कोन काढते त्याच्यातून? कंपनी काढते? मासोळ्यायच्या चाऱ्याची वनस्पती कोन लावते? आमीच. अन् आमीच नको त्याले?"

"तो खोटं बोलत नाही. यंत्र जे वाचतं ते सांगतं."

"यंत्र!" हिवराज उठलाच. "यंत्राले आमी जेवढं जपलं तेवढं सरकारनं मले जपलं असतं तं काय पाहिजे होतं. चाल, दाखवतो तुले. पाय, कसं ठेवलं तं."

त्याच्या आवाजात राग होता, पण अभिमानही होता, आणि तो अभिमानच करिश्माला पुढे फार दिवस छळणार होता.

त्यानं डोंगा पाण्यात ढकलला. करिश्मा पुढे बसली. तलावाच्या मधोमध जायचं म्हणून ती तिकडे पाहत होती, तर हिवराजनं डोंगा ईशान्येच्या कोपऱ्याकडे वळवला. तिथे कहूच्या मोठ्या झाडाखाली पाणी काळंशार, खोल आणि गप्प. सातबहिणींचं पाणी. पिपरडोहचा कुठलाही ढिवर त्या पाण्यात जाळं टाकत नाही, कपडे धूत नाही, डोंग्याच्या काठीनं ते ढवळत नाही. सातबहिणी, पाण्यातल्या देवी, तिथे राहतात. तलावातले मासे विणीच्या वेळी तिथे जातात आणि तिथून पुन्हा तलावभर पसरतात, हेही सगळ्यांना माहीत, पण ते सातबहिणींचीच देणगी म्हणून.

आणि तिथे, झाडाच्या मुळाला दोरानं बांधलेला, हंडा डुलत होता. पिवळ्या प्लास्टिकवर हळदीकुंकवाची बोटं. वरच्या दांडीला हिरव्या बांगड्या आणि लिंबू.

"हे इथे कसं आलं?" करिश्माचा आवाज तिलाच परका वाटला.

"कसं आलं म्हंजे? आनलं. पाण्यात कोनतीई नवी गोष्ट आली, नवा डोंगा, नवं जाळं, तं पयल्या रात्री सातबहिनीपाशी ठेवतेत का नाई? तुले ठाव नाई का? तू पन ढिवराचीच हायेस नं." हिवराज आता खुलला होता. "तुमचे लोक आले, मधात टाकून गेले. म्हटलं, रातभर इथं ठेवू, सकारी नेऊ मधात. मंग मोठी माय म्हने, मधात जाळ्यात गुतन, फुटन, सरकार आपल्यावर नाव घेईन. इथं जाळंच पडत नाई. तं इथंच बरा. तवापासून इथंच हाय. एक ओरखडा नाई पाय त्याले."

खरंच एक ओरखडा नव्हता.

करिश्मा डोंग्याची कड धरून बसून राहिली. इतके महिने त्या यंत्रानं या एकाच कोपऱ्याचं पाणी गाळलं होतं. उपग्रहावरून डोंगे दिसत होते ते दुसरीकडे, इथे कधीच नाही. म्हणून संगणकानं साधा हिशेब मांडला: माणूस नाही तिथे मासा जास्त, तेव्हा माणूस काढा. या कोपऱ्यात माणूस का नाही, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. तो त्याला कुणी शिकवलाच नव्हता.

हे तिनं भावाला समजावून सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला नाही. तो लाल झाला.

"म्हंजे आमी देवापाशी ठेवलं म्हून आमाले हाकलून रायले?"

"भाऊ, पण दुसरी गोष्ट आहे. यंत्र हलवणं हा गुन्हा आहे. जो पक्ष हलवेल त्याची खुर्ची जाते. संवादातून बाहेर."

हिवराजनं काठी पाण्यात खुपसली आणि मग एकदम थांबला. सातबहिणींच्या पाण्यात काठी ढवळायची नसते हे त्याला आठवलं असावं. त्यानं ती हळूच वर घेतली. "तं बोलू नको," तो म्हणाला. "खुर्ची तेवढीच हाय आमच्यापाशी. ते गेली तं कोर्टात उभं राह्याले पन जागा नाई."

दुसऱ्या दिवशी ती जिल्ह्याच्या ठिकाणी करंबेळकरांच्या कार्यालयात गेली. तिला वाटत होतं, सर चकित होतील, नवीन हंडा मागवतील, बैठक पुढे ढकलतील. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग समोरची खिडकी बंद केली, कारण बाहेर जनरेटर सुरू होता.

"मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"आकडे फार स्वच्छ येत होते. नकाशावर पाहिलं, ठिपका कोपऱ्यात. पण पाण्यात होता ना? 'मध्यभागी ठेवावे' ही मार्गदर्शक सूचना आहे, करिश्मा, नियम नाही. 'पाण्यात असावे' हा नियम. तो पाळला जात होता."

"आणि हलवणं?"

"हलवणं हा नियमभंग. ते मात्र गंभीर आहे."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या चुकीनं लोकांचं नुकसान होतं ती सूचना, आणि ज्या चुकीनं लोकांवर आळ येतो तो नियम! कुणी रचला असेल हा कायदा, कुठल्या थंड खोलीत, चहाचा कितवा कप पीत?

"सर, तलावाची साक्षच चुकीची आहे. ती साक्ष धरून तुम्ही अख्ख्या गावाचा धंदा बंद करताय."

करंबेळकर वाईट माणूस नव्हते, हेच तर अवघड होतं. ते खुर्चीत मागे रेलले आणि हळू आवाजात बोलले. "मी नवीन असताना एका खाणीवर गोळीबार झाला. मी तिथे होतो. त्या रात्री इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून मी ठरवलं की यापुढे जे व्हायचं ते टेबलावर होऊ दे. सत्य शोधायला कोर्टं आहेत, विद्यापीठं आहेत. सरकारचं काम तंटा मिटवणं. दोघांना मान्य होणार नाही असा निकाल कुणीतरी तिसऱ्यानं द्यावा लागतो, आणि त्या तिसऱ्याचा राग कुणाला येता कामा नये. तलावावर कोण रागावणार?"

"म्हणजे तलाव तुमच्यासाठी पुढे केलेला माणूस आहे."

"तुझ्या भावाला पट्ट्यांच्या देखभालीवर कायम नोकरी ठेवली आहे. मी स्वतः कंपनीशी बोललोय. तू गप्प राहा, आदेश निघाला की वाचून दाखव. सगळं सौहार्दानं होईल."

"टेबलावर मारलेला माणूसही मेलेलाच असतो, सर," ती म्हणाली आणि उठली. ती धडाधड जिना उतरली. तिला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता, आणि त्यातला निम्मा स्वतःवर होता. किती गावांत तिनं हेच टेबल मांडलं होतं! किती ठिकाणी डोंगर बोलला, नदी बोलली, आणि तिनं लोकांना प्रेमानं समजावलं होतं की ऐका, निसर्गाचं ऐका. त्या डोंगरांचे हंडे कुठे ठेवले होते, हे तिनं एकदा तरी पाहिलं होतं का?

अंतिम बैठकीच्या सकाळी तिनं हिवराजला तलावाच्या बांधावर गाठलं.

"मी आज तलावाला प्रश्न विचारणार आहे."

"नको विचारू. म्या सांगितलं होतं तुले."

"गप्प राहिलो तरी निकाल तोच आहे, भाऊ. बोललो तरी खुर्ची जाईल. तलाव दोन्हीकडून जाणारच आहे, तर निदान खोटं घेऊन जाऊ नये."

"तुले का जाते? तू जाशीन नागपूरले, पगार घेशीन. पोट आमचं हाय!" त्याच्या ओरडण्यानं काठावरच्या बाया वळून पाहू लागल्या. "बापाचा हात गेला तवा तू लहान होती. लोकायनं तवा पन खरं बोलून पायलं. आठवते का काय भेटलं तं?"

हिवराज पाठ फिरवून समाजमंदिराकडे चालू लागला.

समाजमंदिराचा मंडप गच्च भरला होता. मागे बायांच्या घोळक्यात मोठी माय पार्बताबाई बसली होती. करिश्माच्या बापाची थोरली भावजय, संस्थेची सगळ्यात जुनी सभासद. ऐकायला कमी येत असल्यानं ती दर वाक्याला शेजारणीला कोपरानं ढोसत होती. व्यासपीठावर टेबल, तीन खुर्च्या. तिसऱ्या खुर्चीवर एक काळा स्पीकर, त्याला गावाच्या सत्काराचा हार घातलेला. आदल्या दिवशी तो हार ग्रामसेवकानं आणला होता. माणसांना अजून हार मिळायचा होता.

करंबेळकरांनी सगळ्यांचं स्वागत केलं, गेल्या बैठकीचा सारांश वाचला आणि विचारलं, "कुठल्या पक्षाला काही विचारायचं आहे?"

हा प्रश्न रीतीपुरता असायचा. आजवर कधी कुणी काही विचारलं नव्हतं. तलावाला काय विचारणार?

"मला आहे," करिश्मा म्हणाली.

करंबेळकरांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर खाली बसलं असतं. ती उभीच राहिली आणि स्पीकरकडे वळली.

"पिपरडोह तलावाचे प्रतिनिधी, तुम्ही बोलता ते कुठल्या पाण्यावरून?"

तोच शांत, दमलेला आवाज आला. "माझं मोजमाप ईशान्य कोपऱ्यातल्या एका जागेवरचं आहे. पहिल्याच आठवड्यापासून तीच जागा आहे. उरलेल्या पाण्याबद्दल मी अंदाज सांगतो."

मंडपात कुजबुज उठली. ईशान्य कोपरा म्हणजे काय हे सगळ्यांना कळत होतं.

"त्या जागेवर माणसं येत नाहीत म्हणून मासे चांगले आहेत, असं तुम्ही म्हणालात. माणसं का येत नाहीत?"

"माझ्याकडे त्याची माहिती नाही."

"उरलेल्या तलावात मासेमारी बंद केली तर तिथेही असंच होईल, हे तुम्हाला खात्रीनं माहीत आहे?"

"नाही. तो अंदाज आहे. खात्री आहे का, असं मला विचारलं गेलं नव्हतं."

यंत्राचा काही दोष नव्हता. त्याला जे विचारलं ते त्यानं सांगितलं. त्याच्यापुढे बसलेल्या शिकलेल्या माणसांनी मात्र सोयीचे तेवढेच प्रश्न विचारले होते.

कंपनीचा माणूस खुर्चीतून अर्धवट उठला होता. करंबेळकरांनी त्याला हातानंच बसवलं. त्यांचा चेहरा आता शांत नव्हता, पण आवाज होता. "यंत्र मूळ जागेवरून हलवलं गेलं आहे असं दिसतं. कुणी हलवलं?"

करिश्मानं भावाकडे पाहिलं नाही. तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं, घेणारही नव्हती.

हिवराज स्वतःच उभा राहिला. "म्या नेला."

"का?"

"सांगून फायदा हाय का काई?" त्यानं उलट विचारलं. "सरकार आमाले विचारत नाई, काहून. आज विचारलं तं ते पन, कोनं नेला हे विचारल्यावर."

मागून पार्बताबाई उठली. शेजारणीनं तिच्या कानात सगळं ओरडून सांगितलं होतं आणि ते सगळ्या मंडपानं ऐकलं होतं. "त्यानं नाई, म्या सांगितलं नेवाले," ती म्हणाली. "साहेब, ते पानी आमी राखलं हाय. माया सासूनं राखलं, तिच्या सासूनं राखलं. आमी उपाशी निजलो पन तिथं जाळं नाई टाकलं. अन् तुमचा तलाव म्हनते, मानूस नाई म्हून मासोळ्या हायेत. अरे, मानसानं राखलं म्हून हायेत! तेवढं तुमच्या डब्याले सांगा, मंग लिहा काय लिहाचं तं."

टाळ्या वाजल्या नाहीत. त्यापेक्षा वाईट काहीतरी झालं. सगळा मंडप एकाच वेळी बोलू लागला, आणि त्यात कित्येक वर्षांचं साठलेलं होतं. ठेक्याचं, लाठीचं, मोडलेल्या हाताचं. करंबेळकरांनी कायद्याची प्रत उघडली. आवाज खाली येईपर्यंत ते थांबले. थांबणं त्यांना छान जमायचं.

"लोकांच्या पक्षाकडून यंत्र हलवल्याची कबुली मिळाली आहे," ते म्हणाले. "कायद्यानुसार तो पक्ष या संवादातून वगळण्यात येत आहे. उरले दोन पक्ष. तलावाचं मत नोंदलेलं आहे. कंपनीचंही. दोघांचं एकमत आहे." त्यांनी पान उलटलं. "संवाद पूर्ण सहमतीनं संपन्न झाला आहे."

करिश्माला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. माणसं काढून टाकली आणि सहमती झाली! स्पीकरनं आणि कंपनीनं मिळून निकाल दिला, आणि त्याला म्हणायचं संवाद! यासाठी तिनं रात्री जागून परीक्षा दिल्या होत्या? यासाठी बापानं मोडका हात गळ्यात बांधून तिला शाळेत पोचवलं होतं?

"सर, तलाव स्वतः म्हणाला की त्याला माहीत नाही."

"नवीन माहिती पुढच्या फेरविचारात घेता येईल. त्याला दोनतीन वर्षं लागतात. तोवर हा आदेश." करंबेळकरांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "वाच. लोकांना त्यांच्या बोलीत समजावून सांग."

आणि इथे त्या थंड खोलीत बसून कायदा लिहिणाऱ्यांनी, कदाचित चांगल्या मनानं, एक कलम घालून ठेवलं होतं. इंग्रजी आदेशांविरुद्ध पूर्वी फार ओरड झाली होती, म्हणून. त्या संवादाच्या अधिकाऱ्यानं गावापुढे, गावाच्या बोलीत वाचून दाखवल्याशिवाय आदेश लागू होत नाही. अधिकारी बदलायचा तर मंत्रालयातून नवी नेमणूक, नव्यानं बैठका. करंबेळकरांनी तिला इथे नेमलं होतं ते तिनं हा कागद आपल्या माणसांना आपल्या तोंडानं वाचून दाखवावा म्हणूनच.

तिनं कागद उचलला. भावाकडे पाहिलं. तो अजून उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत तिच्याबद्दलची चीड जशीच्या तशी होती. ती तिला रास्त वाटली.

"मी वाचणार नाही," ती म्हणाली.

"काय?"

"हा आदेश मी वाचणार नाही."

करंबेळकर तिच्याकडे झुकले. माईक चालू आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून कुजबुजले. "निलंबित होशील. नोकरी जाईल. आणि मी सहा महिन्यांत दुसरा माणूस आणीन."

"आणा. त्यालाही हा यांच्या तोंडावरच वाचावा लागेल."

त्यांनी सुस्कारा टाकला आणि सभेची नोंद घेणाऱ्या कारकुनाकडे वळले. "लिहा. संवाद अधिकाऱ्यांची प्रकृती अचानक बिघडल्यामुळे आदेशाचं वाचन होऊ शकलं नाही."

"माझी प्रकृती ठणठणीत आहे," करिश्मा माईकमध्ये म्हणाली. तिचा आवाज फाटला आणि तिनं तो फाटू दिला. "मला राग आलाय. तसंच लिहा. अधिकाऱ्याला राग आला म्हणून आदेश वाचला नाही. शब्द बदलू नका."

कारकून पेन हातात धरून दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिला.

कुणाला काय झालं ते नीट कळलं नव्हतं. आदेश टेबलावर होता, वाचायचा राहिलेला. पार्बताबाईनं शेजारणीला ढोसलं, उत्तरानं तिचं समाधान झालं नाही, तेव्हा ती सरळ व्यासपीठाशी आली.

"पोरी, तो कागद वाचला का तुनं?"

"नाही, मोठी माय."

"वाचला नाई तं लागू नाई?"

"नाही."

"म्हंजे आज तलावात जाळं टाकता येते?"

"येतं. आज येतं. माझ्या जागी दुसरा येऊन वाचेपर्यंत रोज येतं."

पार्बताबाई मंडपाकडे वळली. तिला ऐकू कमी येत असलं तरी तिचा आवाज कधी कमी नव्हता.

"मंग बसले काहून?" ती ओरडली. "उठा नं!"

हिवराज सगळ्यात आधी उठून बाहेर पडला. आणि दारातून वळून त्यानं बहिणीला हाताची खूण केली, चाल म्हणून.